हिरव्या काचेची बोली

रोहणा, ता. आर्वी
३ नोव्हेंबर २०२४

फोटो काढाचे पाचशे रुपये! पमे, माह्या लग्नात फोटोवाला आर्वीहून सायकलनं आलता. त्यानं अख्ख्या वऱ्हाडाचा फोटो काढला, दोनदा जेवला, अन् तरी एवढे घेतले नाई. अन् हे पाचशे कायचे? त ढोराच्या कोठ्यातल्या एका जुन्या डबड्याच्या फोटोचे. वरतून विम्याचे आणखी. इतकी वर्सं गाय त्याले शेपटीनं झाडून राह्यली होती, तवा कोणी विमा काढला नाई.

आता बरी हायेस काय ते इचारते. बरीच असशीन. पुण्यात माणसं आजारी पडतात, पण सांगत नाई. मी बरी हाय, कान सोडून. फोन करत जाऊ नको. मले आवाज येते, शब्द येत नाई. तू तिकडून बोलतं अन् मले वाटते कापसाच्या पऱ्हाटीत वारं चाललं. लिहिलेलं मात्र मले साफ ऐकू येते. चौथीपर्यंत तुह्याच पाटीवर पाहून शिकली, त तुही चिठ्ठी वाचाले मले कोणी लागत नाई.

गोष्ट अशी झाली. आमचा चंदन, माहा नातू, आर्वीले कृषी केंद्रात बसते. गिऱ्हाईक नसलं का फोन पाह्यते. त्याले दिसलं का मुंबईले जुन्या भंगाराची हर्रास करणारे लोक हायेत. घरबसल्या बोली बोलतात म्हणे, फोनवर बोट दाबून. माहं डबडं त्यानं फोटोतून दाखवलं, तिकडून बाई म्हणे, पाठवा. म्हणून पाठवलं. पुलगावच्या डाक्टरनं कानाची मशीन सांगितली हाय, तिचे पैसे त्यातून निघतीन. मशीन मले भजन ऐकाले नाई पाह्यजे. सुना चुलीपाशी माह्याबद्दल काय बोलतात ते ऐकाले पाह्यजे.

कोणतं डबडं ते इचारू नको. तुले मी वळखते. तू रडशीन, अन् मंग तुही चिठ्ठी ओली येईन.

कापसाचा पहिला वेचा सुरू हाय. सकाळी इतकं धुकं पडते का बाया दिसत नाई, नुसतं बोलणं चालत येते. चंदन सांगते, मले तेही नाई.

रुखमा

---

पुणे
१४ नोव्हेंबर २०२४

प्रिय रुखमे,

तुझं पत्र उघडलं आणि तुझा आवाज आधी बाहेर आला, कागद नंतर. पाचशे रुपयांवरून इतकी भांडलीस की डबडं कोणतं हे विचारायचंच राहून गेलं. नाही विचारत. माझंच एक गुपित आहे, ते आधी ऐक.

मला सारखं एकच स्वप्न पडतंय. आपली लहान गाडी रोहण्याच्या स्टेशनवर उभी आहे. अरुंद रूळ, ते खेळण्यासारखं इंजिन, खिडकीतून कोंबड्यांची टोपली बाहेर काढलेला कुणी म्हातारा. सगळे चढलेत. मीही चढले आहे. बाहेर कपाशी फुटलेली, इतकी पांढरी की आभाळ खाली बसलंय असं वाटावं. आणि गाडी सुटत नाही. मी खिडकीतून वाकून पाहते, कारण बाबा फलाटाच्या टोकाला हातदिवा घेऊन उभे असतात. त्यांनी हिरवा दाखवला की सुटायची. पण बाबांचे हात रिकामे. ते माझ्याकडे पाहतात, जणू दिवा मीच कुठेतरी ठेवलाय. मग मी जागी होते आणि गाडी तशीच उभी राहते. रोज. आतल्या माणसांचा मला दिवसभर घोर लागतो.

आणि परवा काय झालं, ऐक. माझी नात वेदश्री जुन्या नाण्यांच्या नादात आहे. मुंबईच्या एका लिलावघराची यादी ती चाळत होती, मी चहा घेऊन मागे उभी. एका पानावर हातदिवा. खाली लिहिलंय, ‘रेल्वे हातदिवा, पुलगाव–आर्वी मार्ग, तीन रंग, एक काच मूळची नाही.’ रुखमे, मूळची नसलेली ती काच हिरवी आहे. कडेला जाड, मध्ये एक बुडबुडा. सोड्याच्या बाटलीची! बाबांनी दुपारभर बसून घासली होती. आपण दोघींनी दिवा पाडला होता तेव्हा. आठवतं ना? त्या वेळच्या रोहण्याच्या स्टेशन मास्तरची मुलगी हा दिवा ओळखणार नाही तर कोण?

कुठल्या कुठे फिरून आला असेल. मला वाटतं कुणा शौकिनाच्या दिवाणखान्यात असेल, काचेच्या कपाटात. तो वारला असेल आणि मुलांनी विकायला काढला असेल.

मी बोली लावणार आहे. ३० तारखेला दुपारी आहे. वेदश्रीने माझ्या नावाने नोंदणी केली, पाच हजार अनामत भरली. माझ्या स्वतःच्या बाजूला काढलेल्या पैशांतून बारा हजारांपर्यंत जाईन म्हणते. त्यावर आणखी काही ‘बायर्स प्रीमियम’ लागतो असं वेदश्री सांगत होती, पण ते किरकोळ असेल.

मिहिरला सांगितलेलं नाही. माझा मुलगा वाईट नाही ग, फक्त घाबरट आहे. गेल्या वर्षी मी जिन्यात पडले तेव्हापासून मला सोसायटीच्या फाटकाबाहेरही एकटी सोडत नाही. रोहण्याला एकदा नेऊन आण म्हटलं, तर म्हणाला, ‘आई, तिथे आता काय आहे?’ म्हणून म्हटलं, मी जात नाही तर दिवा तरी इकडे येऊ दे. घरचा फोन सूनबाईजवळ असतो, त्यामुळे चंदनला चुकूनही फोन करायला लावू नकोस. पत्रच लिही.

तुझी,
प्रमोदिनी

---

रोहणा
२१ नोव्हेंबर २०२४

शौकिनाचा दिवाणखाना! पमे, तो शौकीन चार पायाचा होता, अन् शेणात उभा राह्यत होता. तो दिवा माहा होय. तेच माहं डबडं.

रडली काय? म्हणूनच लिहिलं नोतं. आता डोळे पुस अन् नीट वाच.

गाडी बंद झाली, मंग टेसनच्या सामानाची हर्रास निघाली तवा मी गेलती. माहे मालक महादेवराव म्हणत होते बाकडं घे, बसाले होईन. बाकडं गावातल्या नत्थूजीनं नेलं. मी दिवा घेतला. भंगाराच्या भावात, वजनावर. बोली बोलली तेवढेच पैसे दिले अन् हातात धरून घरी आली. वरचं नाई, खालचं नाई. तुह्या बापाचा होय हे मले माहीत होतं. पण घेतला तो कोठ्यात लाइन नोती म्हणून. गाय व्याले बसली का रंग कोण पाह्यते? अन् दिवा तू पाडला होता. आपण दोघींनी नाई. तू पाडला, मास्तरचे बोलणे म्या खाल्ले.

आता काम सांगते. तू बोली बोलू नको. बिलकुल नाई. मी दिवा वापस घेते अन् तुले तसाच देते.

मी चंदनले म्हणलं, वापस माग. त्यानं इचारलं. तिकडची बाई म्हणे, यादी छापली, आता काढाचा असला त दंड. आपलीच वस्तू, आपल्याच घरी आणाची, अन् दंड! मी म्हणलं ठेव फोन. मले दुसरा रस्ता माहीत हाय.

आपल्या मारोतीच्या देवळातली हर्रास आठव. कोणी पहिला कोहळा आणून ठेवते, कोणी नारळ. अन् जो आणते तोच कधी कधी बोली बोलते, आपलाच कोहळा आपण सगळ्याइच्या वरती बोलून घरी नेते. त्याले कोणी चोर म्हणत नाई, मोठा म्हणते. अन् ज्या घरी दुःख असते त्या घरच्या माणसानं तोंड उघडलं का बाकीचे आपोआप चूप बसतात. हर्रास म्हणजे अशी असते.

त मीही माहा कोहळा मीच नेते. दिवा चंदनच्या नावानं गेलता, त त्याच्या नावानं बोली जमत नाई, म्हणून त्याच्या दोस्ताच्या, अश्विनच्या नावानं नाव लिहिलं. चंदन म्हणे, ‘आजी, असं चालत नाई वाटते.’ मी म्हणलं, देवाले चालते, मुंबईले काऊन चालत नाई? अश्विनले सांगून ठेवलं, कोणी मुंबईचा शेठ आडवा आला त मागं हटू नको, कसंबी करून दिवा घे. पैसे माह्याकडून माह्याकडेच येतीन. कानाची मशीन राहून जाईन. ऐकाले असं काय अडून राह्यलं?

तुह्या सपनाचं म्हणशीन, त गाडीतल्या माणसाइचा घोर करू नको. कोंबडीवाला म्हातारा देवाच्या वाटेले लागून किती वर्सं झाली.

हात खाली ठेवजो. ही चिठ्ठी आजच टाकते.

रुखमा

---

पुणे
१ डिसेंबर २०२४

प्रिय रुखमे,

तुझं पत्र अजून आलं नाही, पण मला थांबवत नाही. दिवा मला मिळाला!

काल दुपारी मिहिर आणि सूनबाई बाहेर गेले होते. वेदश्रीने जेवणाच्या टेबलावर तिचा लॅपटॉप मांडला. पडदे ओढले. मला आपण आर्वीच्या यात्रेत टुरिंग टॉकीजमध्ये बसायचो त्याची आठवण झाली. आधी एक चांदीचं घड्याळ गेलं, मग कुठल्याशा संस्थानाचे तिकिटांचे संच. मग दिवा आला. पडद्यावर काळाभोर, आणि त्या हिरव्या काचेतला बुडबुडा स्पष्ट दिसत होता. पाण्याखाली कुणी श्वास सोडावा तसा.

चार हजारांवर सुरू झाला. सहाला सगळे गळाले. उरलो दोघंच. मी, आणि समोरचं कुणीतरी. मी सात म्हटलं की तो आठ. मी दहा, तो अकरा. तो क्षणभरही विचार करत नव्हता. बारा माझे झाले आणि वेदश्री म्हणाली, ‘आजी, संपलं.’ तेव्हा मला काय झालं सांगू? डोळ्यांसमोर तो माणूस उभा राहिला. मलबार हिलवर राहणारा एकटा पारशी म्हातारा, पांढरा सदरा, खोलीभर दिवे लटकलेले, आणि आपला दिवा त्यातलाच एक होऊन जाणार. तिथे तो कधी कुणाला हिरवा दाखवणार नाही. मी म्हटलं, ‘दाब.’ तेरा. चौदा. वेदश्री हसायची थांबली. वीस. बावीस. मला भीती वाटत नव्हती, कापसावरून चालल्यासारखं पाऊल पडत होतं. चोवीस त्याचे झाले, पंचवीस माझे. आणि मग तो थांबला. एकदम. म्हणजे कुणी बोलता बोलता दार लावून आत जावं तसा. हातोडा पडला.

मी टाळ्या वाजवल्या. एकटीने.

संध्याकाळी बिल आलं. पंचवीस हजारांचा दिवा साडेपस्तीस हजारांचा झाला होता. बोलीवर शेकडा वीस त्यांचा प्रीमियम. त्या प्रीमियमवर कर. दिव्यावर वेगळा कर. मग खोका, विमा, गाडीभाडं. मी वेदश्रीला म्हटलं, ‘अगं, मी हे बोलले नव्हते.’ ती म्हणाली, ‘आजी, बोलतो ती फक्त बोली असते. किंमत नंतर कळते.’

माझ्याकडे जेमतेम वीस निघतील. सात दिवसांत भरायचे, नाहीतर अनामत गेली, दिवाही गेला आणि नाव काळ्या यादीत. या वयात! मिहिरकडे मागायचे तर आधी सगळं सांगावं लागेल. तो रागावणार नाही, तेच वाईट. तो माझ्या कपाळाला हात लावून पाहील.

काल रात्री स्वप्नात बाबांच्या हातात दिवा होता. त्यांनी काच फिरवली. लाल गेला, पांढरा गेला, आणि गाडीने अंग हलवलं. एवढंच. सुटली नाही.

लवकर लिही.

प्रमोदिनी

---

रोहणा
५ डिसेंबर २०२४

तो मलबार हिलचा पारशी म्हातारा मी होय, पमे!

माही चिठ्ठी तुले भेटली नाई, अन् तुही मले वेळेवर आली. डाकवाल्याले आता काय बोलू, तो आधीच वाकून चालते. चिठ्ठी भेटन तवा वाच, त्यात लिहिलं होतं, हात खाली ठेव. इकडे कृषी केंद्रात अश्विन बोट दाबून राह्यला होता, मी बाजूले खताच्या पोत्यावर बसून होती अन् म्हणत होती, ‘दाब लेका, शेठ लय माजला हाय.’ चंदन कपाळावर हात मारून राह्यला होता. तो शेठ तू होय हे मले काय माहीत? अन् थांबलो आम्ही काऊन, त रेंज गेली म्हणून. नाईतर सकाळपर्यंत मी तुले वर वर नेत गेली असती. दोघी एका दिव्यासाठी भांडल्या, अन् दिवा मधात चूपचाप. साठ-पासष्ट वर्सांनंतरही तसंच.

आता हसणं पुरे.

मले त्याइचा कागद आला. तुह्या पंचवीस हजारातून शेकडा पंधरा माह्या बाजूनं कापतीन, फोटो अन् विम्याचं वेगळं. म्हणजे तुह्याकडून वरतून घेतलं, माह्याकडून खालतून. आर्वीच्या बाजारात कापूस नेला त हमाली कापतात, तोलाई कापतात, पण हमालाच्या पाठीवर पोतं त दिसते. हे कायचं ओझं उचलून राह्यले? माहा दिवा तुह्या हातात द्याचा. चाळीस पावलांवर होते आपले दोन्ही घरं.

मी रात्रभर हिशोब केला नाई, मले झोप लागते. सकाळी केला. तीन रस्ते होते.

एक, मी चूप बसाचं. तू कुठूनबी पैसे भरशीन, मले एकवीस हजार येतीन, मशीन येईन. मंग तुह्या पैशाची मशीन कानात घालून मी तुहंच रडणं ऐकू काय? तेवढं माहं काही अडलं नाई.

दुसरा, तू भर, मी माहे आलेले तुले वापस देईन. पण त्यानं मधातलं चौदा हजार दोघींचं जाते. एका दिव्यासाठी चौदा हजार मी माह्या बापालेही देणार नाई, तुह्या बापाले त नाईच.

तिसरा रस्ता खरं बोलण्याचा होता. तो सस्ता होता, म्हणून तो धरला. चंदनले म्हणलं, लाव फोन, सांग का वस्तू आमची अन् समोरून बोली बोलणाराही आमचाच. फोनवरची बाई म्हणे, हे नियमात बसत नाई, सौदा रद्द. घेणाऱ्याले अनामत वापस, अन् विकणाऱ्याले दंड. त्याइचं जे वरचं बुडालं तेवढं, पाच हजार, अन् दिवा न्याचं गाडीभाडं आपल्याच माथ्यावर. चंदनचा चेहरा उतरला. मी म्हणलं भर. देवळात आपला कोहळा आपण नेला त पाया पडतात, तथी दंड पडते. गाव बदललं का पाप बदलते.

तुह्यावर काही येत नाई. एक पैसा भरू नको. नाव काळं झालं त माहं झालं. ते तसंही काळंच होतं, वावरात राबून.

मिहिरले अजून सांगितलं नसशीन त सांग. तो तुहा पोट्टा होय, जमादार नाई.

रुखमा

---

पुणे
१६ डिसेंबर २०२४

रुखमे,

तुझी दोन्ही पत्रं एकाच दिवशी आली. आधी दुसरं उघडलं, मग पहिलं. हात खाली ठेव हे वाचलं तेव्हा हात खालीच होते, मांडीवर.

लिलावघराची मेल वेदश्रीच्या नावावर आली आणि ती तिने बापाला दाखवली. मिहिर माझ्या खोलीत आला, पलंगाच्या कडेला बसला. मला वाटलं होतं तसाच. कपाळाला हात नाही लावला, पण लावल्यासारखं बोलला. ‘आई, दिवा हवा होता तर सांगायचं. तसाच दुसरा मी मागवला असता. नवीन मिळतात, सेलवर चालतात.’ रुखमे, तो चांगलं बोलत होता आणि मी त्याच्या खांद्यावरून खिडकीबाहेर पाहत होते. बाहेर समोरच्या इमारतीची भिंत आहे. त्या दिवशी ती पांढरी दिसली. फुटलेल्या बोंडांसारखी.

तू मशीन घालवलीस. दंड भरलास. मी तुला काय म्हणू? धन्यवाद म्हटलं तर मारशील.

मिहिर म्हणतो, तुमचा दिवा परत आला की कुरिअरने इकडे पाठवायला सांग, खर्च तो देईल. मी हो म्हणाले. हो म्हणणं सोपं असतं.

स्वप्न अजून येतं. आता बाबा नसतात. त्यांच्या जागी तू उभी असतेस, लुगड्याचा ओचा खोचून. तुझेही हात रिकामे. मी खिडकीतून ओरडते, रुखमे, आवाज दे. तुला ऐकू येत नाही.

प्रमोदिनी

---

रोहणा
१० जानेवारी २०२५

दिवा घासून पाठवला मेल्यांनी! कोणी सांगितलं होतं? इतक्या वर्सांचं काळं होतं त्याच्यावर, ते गेलं. नव्या भांड्यावानी चमकून राह्यला. अन् त्या घासण्याचे पैसे कागदावर वेगळे लिहिले. चंदन म्हणे जाऊ दे आजी. मी म्हणलं, जाऊन जाऊन काय राह्यलं?

हिरवी काच तशीच हाय. बुडबुडाही. तो काही घासून गेला नाई.

खोका इतका मोठा होता का त्यात मी बसली असती. तुह्या मिहिरच्या म्हणण्यापरमाणे त्याच खोक्यात दिवा घालून कुरिअर कराचा म्हणून चंदननं चिकटपट्टी आणली. मी म्हणलं थांब. वस्तू द्याची त चालते काय नाई ते पाहून द्यावं. रॉकेल आता कोठी भेटते? अंकितानं, माह्या नातसुनेनं, त्यात एक बॅटरीचा दिवा बसवून देल्ला. संध्याकाळ होत होती. हातात धरून मी टेसनकडे गेली. कायले गेली, इचारू नको. पाय तिकडे वळले, अन् या वयात पाय वळतात तिकडे आपण जाचं.

तथी आता काय हाय ते मिहिरले सांग. रूळ गवतात दिसत नाई. फलाटावर बाभळी हायेत. टेसनच्या खोलीत बकऱ्या बसतात. तुहं घर होतं तथी एक कडूनिंब मोठा झाला, त्याच्या बुडाशी कोणी कापसाची पोती ठेवली होती. मी फलाटाच्या टोकाले उभी राह्यली. मले काही वाटलं नाई. मी तुह्यासारखी नाई. डास चावत होते.

दिवा चालू केला. लाल लागला. मले तो फिरवाचा कसा तेच आठवेना, तुहा बाप कसा अंगठ्यानं फिरवत होता. तशी लाल घेऊनच उभी राह्यली.

धुकं उतरून राह्यलं होतं. अन् समोरून, जथी पयले फाटक होतं, तथून नत्थूजीची बैलबंडी आली. बाकडं नेलं तोच नत्थूजी. नव्वदीले टेकला हाय, पण बंडी हाकते. मागं कापूस भरलेला, बंडीतून बाहेर आलेला, इतका का ढगच चाकावर चालत येते असं दिसे. बैलाइच्या घंट्या मले ऐकू येत नाई, पण मान हलत होती. रस्ता मोकळा. गाडी बंद झाली कधीची, फाटक नाई, रूळ गवतात. अन् पमे, नत्थूजीनं लाल पाह्यला अन् कासरा ओढला. बैल थांबले. तो उभा राह्यला. मले काही इचारलं नाई. विडी काढली, पण पेटवली नाई, फाटकावर पयले लोक जसे थांबत तसा मान आर्वीकडे करून पाह्यत बसला. गाडी येईन म्हणून.

मीही पाह्यलं तिकडे. खोटं कायले बोलू.

मंग अंगठा आपोआप बसला. काच फिरली. हिरवा लागला. त्या बुडबुड्याचा एक ठिपका नत्थूजीच्या बंडीवर पडला, कापसावर, अन् सारा कापूस हिरवट झाला, जसा तलावात चांदणं पडते तसा. नत्थूजीनं हात वर केला. तुह्या बापाले करत होता तसा. अन् हाकलली बंडी. माह्या जवळून गेली, पानी वाहून जाते तशी, अन् धुक्यात शिरली.

गाडी सुटली वं, पमे. बैलाची होती, पण सुटली. आतमधल्या माणसाइचा आता घोर करू नको.

दुसऱ्या दिवशी नत्थूजीले इचारलं, काऊन थांबला रे? म्हणे, ‘मास्तरणी, लाल होता ना.’ मले मास्तरणी म्हणे!

त आता माहा हुकूम ऐका, दोन्ही मायलेकांनी. दिवा कुरिअरनं येणार नाई. कुरिअरनं येते ते डबडं असते. दिवा या टेसनचा होय, तो इथी लागते. अन् पमे, तू पंचवीस हजार बोलली होती. मी तुह्याकडून बोली घेत नाई, पण वरचं घेईन. माही मशीन गेली, पाच हजार दंड गेला, घासणावळ गेली. त्याचं वरचं एवढंच का तू सवताच्या पायानं इथी याचं, फलाटाच्या टोकाले उभं राहाचं, अन् मले जे सांगाचं ते कानात जोरानं सांगाचं. मी ऐकीन. तुह्या सपनात मले ऐकू येत नाई म्हणतं, त इथी येऊन ओरड.

पुण्याहून गाडी पुलगावले थांबते काय ते मिहिरनं पाहावं. नसन थांबत त वर्ध्याले उतरा, चंदन गाडी घेऊन येईन. रस्त्यात खड्डे हायेत, पण मिहिरनं मायले धरून बसावं, त्यासाठीच लेक असते. नत्थूजीची पऱ्हाटी होळीपर्यंत राहीन, त्याच्या आधी या.

या चिठ्ठीचं उत्तर तू लिहाचं नाई. वेदश्रीनंही नाई. मिहिरनं लिहाचं, आपल्या हातानं, कागदावर, अन् त्यात दुसरं काही नको. तिकीट कोणत्या तारखेचं काढलं तेवढंच.

रुखमा